गारव्यातलं कडक ऊन

फेब्रुवारीतल्या निरभ्र दुपारी महाबळेश्वरात मोबाइल उघडला तर हवामानाच्या पानावर दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. तापमान २६-२७ अंश आणि यूव्ही इंडेक्स ९ किंवा १०. पहिला आकडा वाचून माणूस खूश होतो. दुसऱ्याकडे बहुतेकांची नजर जातच नाही, आणि गेली तरी काहीतरी चुकलं असावं असं वाटून तो सोडून दिला जातो. इतक्या गार हवेत ऊन ‘अतितीव्र’ कसं असेल?

मे महिन्यात हा विरोध आणखी ठळक होतो. सांगलीत पारा चाळिशीकडे झुकलेला असतो, दुपारी रस्ते ओस पडतात. महाबळेश्वरात तो तिशीच्या आसपास रेंगाळतो, बाजारपेठ फुललेली असते आणि पॉइंटांवर भर दुपारी फोटो काढण्यासाठी रांगा लागतात. उकाड्यात आठ-दहा अंशांचा फरक. पण अतिनील किरणांच्या मापात महाबळेश्वर सांगलीच्या खाली नाही, किंचित वरच आहे. ज्या जागी आपण उन्हाला घाबरतो तिथे निदान सावलीत तरी बसतो. ज्या जागी घाबरत नाही तिथे दिवसभर उघड्यावर फिरतो. सातारा-सांगली पट्ट्यात अतिनील किरणांचा खरा प्रश्न आहे तो हाच, आणि आपल्या आरोग्याच्या चर्चेत तो अजून नीट मांडलाच गेलेला नाही असं मला वाटतं.

आधी आकडा समजून घेऊ. यूव्ही इंडेक्स ही मोजणी कॅनडाने १९९२ मध्ये सुरू केली. पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक हवामान संघटना यांनी ती जगासाठी एकसारखी केली. सूर्यप्रकाशातल्या वेगवेगळ्या अतिनील लहरी त्वचा लाल करण्यात किती जोरकस आहेत हे पाहून त्यांना वजन दिलं जातं, आणि तशा तोललेल्या दर चौरस मीटर २५ मिलिवॉटला एक अंक धरतात. २ पर्यंत कमी, ३ ते ५ मध्यम, ६-७ तीव्र, ८ ते १० अतितीव्र, ११ आणि वर टोकाचं. संरक्षणाची गरज ३ पासूनच सुरू होते. यात तापमान कुठेही नाही. अंगाला जाणवणारी ऊब दृश्य प्रकाश आणि अवरक्त किरण देतात. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा शेकडा पाचेकच असतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि कातडीला लगेच चटका देत नाही. चटका बसतो तो काही तासांनी, संध्याकाळी खोलीवर परतल्यावर.

आता हा आकडा आपल्याकडे इतका वर का जातो? पहिलं आणि सगळ्यांत मोठं कारण सूर्याची उंची. सांगली १६.८५ उत्तर अक्षांशावर, सातारा १७.७ वर, महाबळेश्वर १७.९ वर. सूर्य सांगलीच्या बरोबर माथ्यावर येतो तो ८ मेच्या आसपास, साताऱ्यात आणि महाबळेश्वरात त्यानंतर तीन-चार दिवसांनी. तेव्हा उभी काठी सावलीच टाकत नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य पुन्हा माथ्यावर येतो, पण तेव्हा ढगांमुळे तो दिवस बहुधा कुणाच्या लक्षात येत नाही. माथ्यावरच्या सूर्याच्या किरणांना हवेतून सर्वांत कमी वाट काटावी लागते, म्हणून अतिनील भाग कमी गाळला जातो.

याहून बोलकी गोष्ट हिवाळ्याची आहे. २१ डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशीही, साताऱ्यात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो. लंडनमध्ये ऐन जूनमध्ये तो ६२ अंशांवर पोचतो. वरकरणी लंडन जिंकल्यासारखं दिसतं. पण लंडनवरचा ओझोनचा थर जाड, आपल्यावरचा पातळ, आणि तोही हिवाळ्यात सर्वांत पातळ. स्वच्छ आकाश धरून ढोबळ सूत्राने हिशेब केला तर साताऱ्याची डिसेंबरची दुपार आणि लंडनची जूनची दुपार दोन्ही ८ च्या जवळपास येतात. आपल्याकडच्या हिवाळी धुरक्यामुळे प्रत्यक्षात एखाद-दुसरा अंक कमी होतो इतकंच. लंडनचा माणूस त्या दिवशी टोपी शोधतो. आपण त्या दिवशी ‘जरा उन्हात बसू या’ म्हणतो.

ओझोनचा उल्लेख आला की लगेच ‘ओझोनला भोक पडलंय म्हणून’ असं ऐकू येतं. हा गैरसमज दूर व्हायला हवा. ते भोक दक्षिण ध्रुवावरचं. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो थर सावरतो आहे, आणि अंटार्क्टिकावर तो २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. उष्ण कटिबंधावर ओझोन मुळातच कमी असतो, कारण तिथे तयार झालेला ओझोन वरच्या हवेतल्या वाऱ्यांबरोबर ध्रुवांकडे वाहून जातो. आपल्या डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीवर आणून पसरला तर त्याचा थर अडीच-पावणेतीन मिलिमीटरचाच होईल. युरोपवर वसंत ऋतूत तो साडेतीन मिलिमीटरच्या वर जातो. म्हणजे आपल्याकडचे वरचे आकडे हे नवं संकट नाही. शिवाजी महाराजांच्या काळातही जावळीच्या डोंगरात ऊन असंच होतं. नवं आहे ते आपलं राहणीमान, पर्यटन आणि वाढलेलं आयुर्मान.

ओझोन मोजण्याचं काम आपल्या शेजारीच, पुण्यात, वर्षानुवर्षं चाललेलं आहे. हवामान खात्याच्या पुणे केंद्रात डॉबसन स्पेक्ट्रोफोटोमीटरने ही नोंद होते. पुण्याच्या वेधशाळेत काम केलेले के. आर. रामनाथन पुढे ओझोन संशोधनातलं जागतिक कीर्तीचं नाव झाले. ही परंपरा आपली आहे, याचा मला अभिमान वाटतो. मात्र तिचा लाभ सह्याद्रीच्या माथ्यावर स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या बाईपर्यंत पोचलेला नाही.

दुसरं कारण उंची. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, सातारा शहर साडेसातशेच्या आसपास, कास पठार बाराशेच्या, पाचगणी तेराशेच्या घरात आणि महाबळेश्वर साडेतेराशेच्या वर. तिथला विल्सन पॉइंट १,४३९ मीटर. दर हजार मीटरला अतिनील किरण दहा ते बारा टक्क्यांनी वाढतात असा सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणजे सांगलीतून महाबळेश्वरात गेल्यावर आठ-दहा टक्के भर पडते. इतकीच भर असती तर तिचं फारसं काही नव्हतं. खरी गंमत धुरक्यात आहे. हिवाळ्यात कृष्णेच्या खोऱ्यात सकाळी धूळ, वाहनांचा धूर आणि ऊस तुटल्यावर जाळलेल्या पाचटाची राख यांची एक करडी चादर पसरते. पसरणीचा घाट चढताना मागे वळून पाहिलं की वाई त्या चादरीखाली दिसते आणि वरचं आकाश एकदम निळं होतं. ती चादर काही अतिनील किरण गिळते, विशेषतः काजळीचे कण. डोंगरमाथा तिच्या वर उघडा राहतो.

पावसानंतरचे दिवस या दृष्टीने सर्वांत फसवे. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवा अक्षरशः धुऊन निघते. सप्टेंबरच्या मध्याला कास पठारावर फुलं पाहायला गर्दी लोटते. तापमान बावीस-चोवीस, वारा, अधूनमधून धुकं. पण सूर्य मध्यान्ही ७५ अंशांवर असतो. ढग फाटला की त्या स्वच्छ हवेतून येणारं ऊन १२ च्या घरातलं. दाट काळा ढग अतिनील किरण बरेच अडवतो हे खरं. विरळ पांढरे ढग मात्र फारसे अडवत नाहीत, आणि सूर्याशेजारी पांढऱ्याशुभ्र ढगांचे कडे असतील तर ते उलट प्रकाश परतवून थोडा वेळ निरभ्र आकाशाहूनही जास्त मारा करतात. कासवर ऊन-सावलीचा खेळ पाहत तीन-चार तास हिंडलेल्या कुटुंबातल्या पोरांची नाकं दुसऱ्या दिवशी सोलवटतात, त्याचं कारण हे.

तिसरी गोष्ट घड्याळाची, आणि ती आपल्या खास उपयोगाची. आपलं घड्याळ अलाहाबादेजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाचं. सातारा ७४ वर. त्यामुळे साताऱ्याची खरी मध्यान्ह मे महिन्यात साडेबाराला आणि फेब्रुवारीत पाऊण वाजून गेल्यावर होते. तापमानाचा कळस तीनच्या सुमारास येतो. या दोहोंतलं अंतर महत्त्वाचं आहे. मे महिन्यात साडेदहालाच इंडेक्स ९-१० वर गेलेला असतो, हवा अजून पुरती तापलेली नसते. आपण ज्याला ‘अजून ऊन चढायचंय’ म्हणतो, तेव्हा उबेच्या मानाने ऊन चढायचं असतं, अतिनील किरणांच्या मानाने ते चढून गेलेलं असतं.

गार हवा आणि तीव्र अतिनील किरण ही जोडी फक्त आपलीच नाही. पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी, थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे बाराही महिने सौम्य. तिथे उन्हाळ्यातसुद्धा पारा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वर सहसा जात नाही, आणि इंडेक्स मात्र १२ च्या पुढे. पेरूने २०१३ मध्ये कायदा करून शाळा आणि मालक यांच्यावर मुलांना व कामगारांना उन्हापासून जपण्याची जबाबदारी टाकली. न्यूझीलंडची हवा सागरी, मवाळ. तिथे उत्तर गोलार्धातल्या तेवढ्याच अक्षांशांपेक्षा उन्हाळी अतिनील सुमारे ४० टक्के जास्त भरतं: हवा स्वच्छ, ओझोन थोडा कमी आणि दक्षिणेचा उन्हाळा पृथ्वी सूर्याजवळ असताना येतो म्हणून. आपल्या अधिक जवळचं उदाहरण केरळचं. तिथल्या राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्याजिल्ह्यांत यूव्ही मापक बसवले आणि मार्च २०२५ मध्ये काही ठिकाणी आकडा ११ वर गेल्यावर रेड अलर्ट दिला. मुन्नारसारखं थंड, चहामळ्यांचं गाव त्या मापनात आहे, ही बाब महाबळेश्वरकरांनी नीट वाचावी अशी आहे. महाबळेश्वरही अरबी समुद्रापासून सरळ रेषेत साठेक किलोमीटरच आहे. त्याचा गारवा उंचीचा आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा. किनाऱ्याची मवाळ हवा आणि डोंगराचं ऊन, दोन्ही त्याच्या वाट्याला आली आहेत.

डोंगरमाथा निवडणाऱ्यांनी गारव्याकडेच पाहिलं होतं. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने सातारच्या छत्रपती प्रतापसिंहांकडून १८२९ च्या सुमारास महाबळेश्वरची जागा मिळवली ती आजारी गोऱ्या शिपायांना आणि अधिकाऱ्यांना हवापालट म्हणून. पुढे पाचगणी वसली. क्षयावर औषध नसलेल्या काळात उंचावरची मोकळी हवा आणि ऊन हाच उपचार होता. डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीला बेल-एअर आरोग्यधाम काढलं, मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं. डेन्मार्कचा नील्स फिन्सेन याला १९०३ मध्ये नोबेल मिळालं ते त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल, म्हणजे मुख्यतः अतिनील किरणांबद्दलच. त्याच सुमारास अमेरिकी लष्करातला डॉक्टर चार्ल्स वुडरफ १९०५ च्या पुस्तकात बजावत होता की उष्ण प्रदेशातला प्रकाश गोऱ्या माणसाच्या मज्जासंस्थेचा नाश करतो. शोल्याच्या भेंडाची जाड टोपी साहेबाच्या डोक्यावर घट्ट बसली ती या भीतीपोटी. भीतीचं कारण चुकीचं होतं, टोपीचा काठ मात्र कामाचा होता. ऊन तारक की मारक हा वाद शंभर वर्षांपूर्वीपासून आपल्याच डोंगरावर चालू आहे.

आजचं उत्तर दोन्हीकडून द्यावं लागतं. आपली गव्हाळ-सावळी कातडी हे खरं कवच आहे. त्वचेचा कर्करोग, विशेषतः मेलानोमा, भारतात फार विरळा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडात त्याचं प्रमाण जगात सर्वांत जास्त. त्यांच्या जाहिरातींतली भीती जशीच्या तशी उचलून इथे विकणं चूक आहे, आणि महागड्या क्रीमचा धंदा त्यावर फोफावतो आहे हेही दिसतं. इंडेक्स १२ असताना अगदी गोऱ्या माणसाची कातडी दहा-बारा मिनिटांत भाजू लागते. आपली अर्ध्या-पाऊण तासात. कवच आहे, पण ते पोलादी नाही. दिवसभराच्या कामात ते पुरत नाही. गालांवर वांग येणं, कातडी रापणं आणि लवकर सुरकुतणं हे शेतातल्या बायांच्या चेहऱ्यावर दिसतंच. ज्यांच्या अंगावर कोड आहे किंवा जन्मतः रंगद्रव्यच नाही, त्यांच्याकडे तर हे कवच नसतंच. त्यांनी महाबळेश्वरच्या गारव्याला अजिबात भुलू नये.

माझी खरी काळजी डोळ्यांची आहे. कातडी कितीही सावळी असली तरी बुबुळापुढची पारदर्शक काच आणि आतलं भिंग सगळ्यांचं सारखंच उघडं असतं. बुबुळावर मांस वाढणं हा वारा, धूळ आणि अतिनील किरण यांत जन्म काढणाऱ्यांचा नेहमीचा विकार. मोतीबिंदूला वय, मधुमेह, तंबाखू अशी अनेक कारणं आहेत, अतिनील त्यातलं एक. आणि २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वात ६६ टक्के वाटा एकट्या मोतीबिंदूचा निघाला. इतक्या मोठ्या आजाराचं एक लहान कारणही मोठंच असतं. शिवाय डोळ्यांची वेळ कातडीपेक्षा वेगळी आहे. सूर्य माथ्यावर असताना भुवई आणि कपाळ डोळ्याला आडोसा देतात. जपानमधल्या कानाझावा वैद्यकीय विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की डोळ्यात सर्वांत जास्त अतिनील शिरतं ते सूर्य चाळीसेक अंशांवर असताना. आपल्याकडे मे महिन्यात ती वेळ सकाळी नऊची आणि दुपारी चारची. म्हणजे दुपारी बारा ते तीन विश्रांती घेऊन राहिलेल्या वेळात रानात राबणाऱ्याचं अंग वाचतं, डोळे वाचत नाहीत.

बाजारात शंभर रुपयांना मिळणारा काळा गॉगल हा उपाय नव्हे. काच नुसती काळी असेल आणि अतिनील अडवत नसेल तर बाहुली मोठी होते आणि किरणांना आत जायला वाट मोठी मिळते. साध्या पॉलिकार्बोनेटच्या बिनरंगी चष्म्याचा उपयोग त्याहून जास्त. गाडीची बाजूची साधी काच अतिनीलचा आखूड लहरींचा भाग अडवते, लांब लहरींचा सोडते. घाटातून रोज गाडी हाकणाऱ्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा काळवंडलेला दिसतो, तो त्यामुळे.

आणि तरीही ऊन टाळा असा सरसकट सल्ला मी देणार नाही. एवढ्या उन्हाच्या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघर आहे. हे जीवनसत्त्व कातडीत बनतं ते आखूड लहरींच्या अतिनील किरणांनी, आणि ते किरण सूर्य वर आल्यावरच पुरेसे मिळतात. बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात घेऊन बसण्याची आपली रीत मायेची आहे, उबेलाही चांगली आहे. पण डिसेंबरात सकाळी आठला साताऱ्यात इंडेक्स एकाच्याही खाली असतो, त्यातून हाडांना फारसं काही मिळत नाही. हिवाळ्यात अकरा-साडेअकराला हातपाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं बसणं जास्त उपयोगाचं. बँकेत, दुकानात, चार भिंतींत दिवस काढणाऱ्या बाईला ऊन कमी पडतं, आणि तिच्या बहिणीला रानात ते जास्त होतं. एकाच घरात दोन वेगळे सल्ले द्यावे लागतात.

रानातल्या बहिणीकडे जरा जवळून पाहू. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी पिकते. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. नोव्हेंबरअखेर ते एप्रिल हा तोडणीचा हंगाम, नेमका कोरड्या निळ्या आकाशाचा. वाफ्यावर मल्चिंग पेपर अंथरलेला असतो, बहुतेकदा वरून चंदेरी आणि खालून काळा. चंदेरी बाजू प्रकाश, त्यातला अतिनील भागही, परतवते. त्याने फुलकिडे आणि मावा बिचकतात. किडीला बिचकवणारा तोच परतीचा प्रकाश ओणवं होऊन फळ खुडणाऱ्या बाईच्या हनुवटीखाली, नाकपुड्यांवर आणि थेट डोळ्यांत जातो. डोक्यावरचा पदर किंवा टोपी वरचं ऊन अडवते, खालून येणारं नाही. ताज्या बर्फावर ८० टक्के अतिनील परततात म्हणून बर्फातले लोक गॉगल लावतात, हे आपण सिनेमातून शिकलो. चंदेरी कागदाच्या वाफ्यात वाकलेल्या बाईचा विचार कुणी केला नाही.

तिने स्वतः मात्र केला आहे. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला घट्ट बांधलेला टॉवेल किंवा स्कार्फ, हा पोशाख ऊसतोडीपासून द्राक्षबागेपर्यंत सगळीकडे दिसतो. तो कुणी शास्त्रज्ञाने सांगितलेला नाही आणि तो उत्तम आहे. घट्ट विणीचं, गडद रंगाचं, कोरडं कापड अतिनील किरण चांगले अडवतं. विटून विरळ झालेलं, ओलं झालेलं पातळ सुती कापड कमी अडवतं. माण-खटाव, आटपाडी-जतच्या मेंढपाळाचं घोंगडं आणि जाड पटका या कसोटीवर आजच्या कुठल्याही टी-शर्टला मागे टाकतात. आपल्या गांधी टोपीला मात्र काठ नाही. ती डोकं झाकते, कान, मान आणि डोळे उघडेच ठेवते. म्हाताऱ्या शेतकऱ्यांना काठाची टोपी वापरा म्हणणं अवघड आहे, पण नेत्रतपासणी शिबिरात चष्म्याबरोबर हे सांगायला हरकत नसावी.

पिकांना अतिनील कळतं, आणि शेतकऱ्याने पिकांसाठी जेवढं केलं तेवढं स्वतःसाठी केलेलं नाही. सांगली जिल्ह्यात तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात बेदाण्याची शेड पाहावी. लोखंडी सांगाड्यावर जाळीचे एकावर एक दहा-बारा थर, त्यांवर पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढलेली द्राक्षं, आणि चारी बाजूंनी हिरवी शेडनेट. दोन आठवड्यांच्या आसपास माल सुकतो तो वाऱ्यावर, सावलीत. थेट उन्हात ठेवला तर लवकर सुकेल, पण तपकिरी पडेल आणि भाव उतरेल. सांगलीच्या बेदाण्याचा हिरवा-सोनेरी रंग म्हणजे ऊन टाळल्याची खूण आहे. डाळिंबावर उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून आटपाडीकडे फळं झाकतात, पांढऱ्या मातीची फवारणी करतात. पॉलिहाउसचा कागद उन्हाने चिरफाळू नये म्हणून त्यात अतिनीलरोधक मिसळलेलं असतं, आणि घेताना शेतकरी ते विचारून घेतो. सांगलीच्या हळदीचीही एक गोष्ट आहे. पांढऱ्या कपड्यावरचा हळदीचा डाग साबणाने जात नाही, पण उन्हात वाळत घातला की फिका पडतो, थंडीतल्या उन्हातही. त्यात निळ्या-जांभळ्या प्रकाशाचाही वाटा आहे, म्हणून तो डाग काही अतिनीलचं मापक होत नाही. पण ऊन गार असलं तरी काम करत असतं, हे घरातल्या घरात दाखवायला तो पुरतो.

मग मापक कुठे आहे? मोबाइलवरचा आकडा मोजलेला नसतो, काढलेला असतो: उपग्रहाने पाहिलेला ओझोन, ढगांचा अंदाज आणि सूर्याची उंची यांवरून. त्या गणितातला एकेक चौकोन दहा ते चाळीस किलोमीटरचा. वाई आणि महाबळेश्वर, मधे सहाशे मीटरची चढण असूनही, एकाच चौकोनात पडू शकतात, आणि मग डोंगराचा आकडा खोऱ्याबरोबर सरासरीत दबतो. म्हणून माथ्यावर उभं असताना मोबाइलवरच्या आकड्यात एक मिळवून वाचावा. पुण्यासाठी उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘सफर’ यंत्रणेने २०१३ पासून हवेच्या प्रतीबरोबर अतिनीलचाही विचार सुरू केला. त्याच संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून महाबळेश्वरातच आहे. जागा आहे, वीज आहे, शिकलेली माणसं आहेत. तिथला रोजचा यूव्ही आकडा लोकांपुढे ठेवला, जोडीला सातारा, सांगली आणि जत इथे एकेक मापक बसवला, आणि वर्तमानपत्रं तापमान-पावसाच्या चौकटीत ती एक ओळ छापू लागली, तर या प्रश्नाचं निम्मं काम होईल. उष्मालाटेचे इशारे तापमानावर दिले जातात, आणि ते योग्यच आहे. पण त्या हिशेबात महाबळेश्वर-पाचगणीला इशारा मिळण्याची वेळ जवळपास येतच नाही, म्हणून तिथल्या मजुराला दुपारची सुटीही मिळत नाही.

तोवर एक मापक प्रत्येकाजवळ आहे: स्वतःची सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की सूर्य ४५ अंशांच्या वर गेला, आणि आडोसा शोधायची वेळ झाली. आपल्या अक्षांशावर डिसेंबरातही मध्यान्ही ती उंचीहून आखूडच असते, त्यामुळे हा नियम बाराही महिने लागू. डोळ्यांसाठी तो थोडा अपुरा पडतो, तिथे काठाची टोपी आणि चष्मा हवाच. झाडाखालची सावली निम्म्याहून अधिक अतिनील अडवते; पण समोर मोकळं आकाश दिसत असेल तर बाकीचे किरण तिरपे येतच राहतात, म्हणून दाट वड-आंब्याखालची सावली छत्रीपेक्षा सरस.

यात सर्वांत सोपी सुधारणा शाळांची आहे. पाचगणी हे निवासी शाळांचं गाव. सातारा-सांगलीतल्या गावोगावच्या शाळांचे वार्षिक क्रीडामहोत्सव डिसेंबर-जानेवारीत होतात, कारण तेव्हा ‘ऊन नसतं’. मुलं उद्घाटनाच्या भाषणांसाठी दहा ते बारा मैदानात रांगेत बसतात, बहुधा सूर्याकडे तोंड करून, कारण मंडप पाहुण्यांसाठी असतो. भाषणं संध्याकाळी ठेवावीत, शर्यती सकाळी साडेनऊच्या आत उरकाव्यात, आणि मंडप एकच असेल तर तो मुलांवर घालावा.